तंबू ठोकण्याआधी



मार्गशीर्षात आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय गाजत होता. माझा पुतण्या आणि त्याची बायको पुण्याहून मोटरसायकलला तंबू बांधून निघाले. भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज असे तीन दिवस फिरले, दोन रात्री तंबूत झोपले आणि सुखरूप घरी गेले. एवढंच. पण ग्रुपवर दोन दिवस नुसता पाऊस. एक म्हणे, "सुनेला असं उघड्यावर झोपवतात का?" दुसऱ्या म्हणे, "बिबट्याचा भाग आहे, अक्कल कुठे गेली?" तिसरे म्हणे, "देवदर्शनाला जायचं तर सरळ गाडी करून जावं." तरुण मंडळींचं म्हणणं, "त्यांचं आयुष्य, त्यांना जगू द्या." शेवटी कुणीतरी मला विचारलं, "काकू, तुमचं मत काय?"

माझं मत ग्रुपवरच्या दोन ओळीत बसणारं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

आधी सुनेचा मुद्दा निकाली काढू, कारण तो मला मुद्दाच वाटत नाही. नवरा-बायको दोघं कमावतात, आठवडाभर दोन वेगवेगळ्या पडद्यांपुढे बसतात, रात्री जेवताना एकमेकांशी चार वाक्यं बोलतात. तीन दिवस एका गाडीवर, मागे-पुढे बसून, वाट विचारत, वारा खात जाणं त्यांच्या संसाराला औषध आहे. आमच्या लग्नानंतर मी 'ह्यां'च्या राजदूतवर मागे एका बाजूला पाय सोडून, डोक्यावरचा पदर धरून मंचरहून घोडेगावच्या बाजारापर्यंत जायचे, तेव्हाही चार जणींनी नाकं मुरडली होती. रस्ता बदलला, गाडी बदलली, नाकं तीच. ती सोडून द्या.

मला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. रात्र दुसऱ्याच्या जागेत काढली, तर त्या जागेचं आपण काय देणं लागतो? जायचं की नाही हा प्रश्न सोपा आहे. गेल्यावर तिथे कसं राहायचं, तो अवघड आहे. आणि गंमत म्हणजे या अवघड प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात कधीपासून पडून आहे. आपण त्याला 'कॅम्पिंग' म्हणत नाही, एवढंच.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर. तिथून पश्चिमेला घोडेगाव, मग डिंभे धरण, मग तळेघर आणि शेवटी भीमाशंकर. मंचर सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस, बटाटा, कांदा. डिंभ्याच्या पुढे शेतं लहान होतात, भाताची खाचरं येतात, डोंगर अंगावर येतात आणि हवा बदलते. वरचं जंगल १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र साधारण १३० चौरस किलोमीटर. आंबेगाव आणि खेड तालुक्यांबरोबर ते खाली रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतही उतरतं. आपला राज्यप्राणी शेकरू इथला. ती मोठी तांबूस खार झाडाच्या शेंड्याशी घरटी करते, फांदीवरून फांदीवर जाते, जमिनीवर फारशी उतरतच नाही. म्हणजे तिला सलग झाडं हवीत. मध्ये रस्ता रुंद झाला किंवा जागा मोकळी केली, की तिचा पूलच तुटतो.

आता कायद्याचं. ग्रुपवर एकाने अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानातल्या तंबूंचे फोटो टाकले आणि लिहिलं, "बघा, तिकडे लोक आनंदाने राहतात." राहतात, खरंय. पण तिकडे तंबूच्या जागा बहुधा ठरवून दिलेल्या, नंबर टाकलेल्या असतात, आधी नोंदणी करावी लागते. योसेमिटीसारख्या ठिकाणी अस्वलं येतात म्हणून खाण्याचं सामान लोखंडी पेटीत कुलुपात ठेवावं लागतं, गाडीतसुद्धा ठेवलेलं चालत नाही. फोटोत तंबू दिसतो, पेटी दिसत नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, गुगामल, नवेगाव, पेंच, चांदोली आणि मुंबईतलं संजय गांधी उद्यान. ताडोबात मोटरसायकल घेऊन आत फिरता येत नाही. नोंदणी केलेल्या गाडीतून, वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वेळेत जायचं आणि बाहेर यायचं. अभयारण्याचे नियम थोडे वेगळे आहेत. तिथे पूर्वीपासूनची गावं आत असतात, त्यांचे हक्क असतात, भीमाशंकरसारख्या ठिकाणी देवळापर्यंत सार्वजनिक रस्ताही जातो. पण रस्त्यावरून जाणं वेगळं आणि रस्ता सोडून झाडीत शिरून तंबू ठोकणं वेगळं. त्याला परवानगी लागते. आणि जंगलाला धोका होईल असा जाळ करायला कायद्याने सरळ मनाई आहे. आमच्या दोघांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी जंगलात तंबू ठोकला नाही. एक रात्र तळेघरच्या पुढे एका वाडीत काढली आणि दुसरी जुन्नर तालुक्यात एका धरणाच्या काठी. त्या दोन रात्रींमधला फरक हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

पहिल्या रात्री संध्याकाळी चारच्या सुमारास ते वाडीत पोचले. एका घरापुढे गाडी थांबवली आणि विचारलं, "आजी, इथे अंगणात तंबू लावला तर चालेल का?" आजीने आधी दोघांचं लग्न झालंय का विचारलं, मग गाव विचारलं, मग पाणी दिलं. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ, कांदा-लसूण न घालता, सूर्य मावळायच्या आत. साडेसातला दिवा मालवून घर झोपलं, हेही झोपले. सकाळी निघताना पैसे दिले तर आजी घेईना. शेवटी शाळेत जाणाऱ्या नातीच्या हातात दिले. निघताना घरातल्या माणसाने वाळलेला हिरडा दाखवला. या पट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात, तो वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार असतो. आपल्या त्रिफळ्यातली एक फळ ती. ज्या त्रिफळ्याने आपण पाणी प्रासुक करतो, तो डबीत येण्याआधी कुणाच्या तरी अंगणात असा उन्हात पडलेला असतो.

दुसऱ्या रात्रीची जागा मोबाइलवरून नोंदवलेली. पन्नासेक तंबू ओळीने, दोरीला रंगीत दिवे, मधोमध मोठी शेकोटी, मोठमोठ्याने गाणी. जेवण रात्री साडेनऊला. सूनबाईने "आम्ही जैन" सांगितलं तर पनीर आणून दिलं, ते त्याच जाळीवर भाजलेलं, ज्यावर कोंबडी भाजत होती. दोघं सोबतचे खाखरे आणि सुखडी खाऊन आधीच मोकळे झाले होते, ती गोष्ट वेगळी. पण रात्री एकपर्यंत झोप नाही. सकाळी काठावर बाटल्या, कागदी ताटं, राख. संडासाची सोय दोन, माणसं शंभर. बाकीचे कुठे गेले असतील ते तुम्ही समजून घ्या.

दोन्ही ठिकाणी तंबू एकच, माणसं तीच. मग बदललं काय?

मला वाटतं, बदललं ते विचारणं. आपल्या साधू-साध्वींचा विहार आठवा. पुणे-नाशिक रस्त्याने साध्वीजी चालत येतात, गावात पोचतात, तेव्हा रिकामी शाळा असो की कुणाची ओसरी, मालकाची आज्ञा घेतल्याशिवाय तिथे आसन टाकत नाहीत. ज्याने जागा दिली तो शय्यातर. त्याच्याच घरची गोचरीही घेत नाहीत, कारण जागा दिली हेच त्याच्यावर पुष्कळ ओझं झालं. ज्यांच्याकडे स्वतःचं घर नाही, पैसा नाही, ते माणूस जागेला एवढा मान देतात. आणि आपण पैसे भरले की विचारायची गरजच संपली, असं समजतो.

दुसरी गोष्ट परठवण्याची. साध्वीजी उरलंसुरलं पाणी टाकायचं तरी जमीन पाहून, जीवजंतू नाहीत ना, कुणाच्या वाटेत येत नाही ना, हे बघून टाकतात. पाच समितींमधली ती एक पूर्ण समिती आहे. आपल्या पूर्वजांना मलमूत्र-कचऱ्याचा प्रश्न व्रताच्या पातळीवर न्यावासा वाटला, आणि आपण तो कॅम्पवाल्या पोरावर सोडून मोकळे होतो.

तिसरी गोष्ट शेकोटीची. श्रावकाच्या बारा व्रतांत आठवं अनर्थदंड विरमण. प्रयोजनाशिवायची हिंसा करू नये. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाने शेक घेतला, तर त्याला प्रयोजन आहे. भाकरी भाजायला चूल पेटवली, तर आहे. पण अंगात जाकीट, पोटात जेवण, वर तंबू असताना केवळ फोटो चांगला येतो म्हणून अर्धा ओंडका जाळायचा, त्या उजेडावर येणारे शेकडो जीव होरपळायचे, मार्गशीर्षात पठारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असताना ठिणग्या उडू द्यायच्या, याला काय प्रयोजन? ज्येष्ठात पहिल्या पावसाआधी सह्याद्रीत काजवे चमकतात, ते पाहायला लोक रात्री गाड्या घेऊन जातात. काजव्याचा प्रकाश हा त्याने जोडीदाराला घातलेला साद असतो. आपल्या हेडलाइटने आणि बॅटरीने तो बुजतो. जे पाहायला गेलो, तेच आपण मोडून येतो.

इथे माझ्या वाचक मैत्रिणींपैकी एखादी म्हणेल, "मग घरी बसून सामायिक करावं, जायचंच कशाला?" तसं नाही गं. आपली तीर्थं बघ कुठे आहेत. शत्रुंजय, गिरनार, सम्मेद शिखर, सगळी डोंगरावर. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांचा एक गट अंबिकेच्या नावाने ओळखला जातो. मूळ लेणी बौद्ध, पण पुढे तिथे जैन मूर्ती आल्या, नेमिनाथ भगवंतांची शासनदेवी अंबिका तिथे आहे. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी थांबावं, पायाखाली जीव येऊ नयेत, यासाठी अशी निवाऱ्याची जागा लागायची. त्यातल्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या, बुरुडांच्या श्रेणींनी दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे आमच्यासारख्या दुकानदारांनी दोन हजार वर्षांपूर्वी प्रवाशाच्या मुक्कामाचा खर्च उचलला होता. डोंगरात जाणं आपल्याला परकं नाही. तिथे बेताने राहणं हीच आपली रीत.

शत्रुंजयाचंच घ्या. वर काही खायचं नाही, संध्याकाळच्या आत सगळ्यांनी खाली यायचं, मुक्काम नाही आणि चातुर्मासात यात्रा बंद. ताडोबाचं गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर पर्यटनाला बंद असतं, तेव्हा वर्तमानपत्रं त्याला आधुनिक व्यवस्थापन म्हणतात. आपल्या आज्या त्याला चौमासा म्हणायच्या. पावसात जमिनीत जीव फार, वाटा निसरड्या, तेव्हा थांबा. आणि थांबण्यात केवळ दया नाही, शहाणपणही आहे. याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही, हे आधी लक्षात आलं ते एका एसटीच्या चालकाच्या. जे गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदत होतं, त्यालाही डोंगराचा अंदाज आला नाही. मग शनिवारी दुपारी आलेल्या पाहुण्याने श्रावणात कड्याखाली तंबू ठोकून "काही होत नाही" म्हणावं, याला काय म्हणायचं?

आता जरा टोचेल असं लिहिते. २०२२ च्या शेवटी सम्मेद शिखरासाठी आपण सगळे रस्त्यावर उतरलो होतो. पुण्यात, मुंबईत, दिल्लीत मोर्चे निघाले. दुकानं बंद ठेवली. आपली मागणी काय होती? तो पवित्र डोंगर आहे, तो पर्यटनस्थळ करू नका. ५ जानेवारी २०२३ ला केंद्र सरकारने पत्र काढून तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. दारू, मांसाहार, मोठ्या आवाजातलं संगीत, आणि हो, विनापरवाना कॅम्पिंग आणि ट्रेकिंगही तिथे होऊ देऊ नये, असं राज्याला सांगितलं. आपण पेढे वाटले. तोच डोंगर संथाळ आदिवासी मरांग बुरू म्हणून पुजतात, हेही तेव्हा पुष्कळ जणींना पहिल्यांदा कळलं.

मग भीमाशंकरच्या रानातल्या देवरायांचं काय? तिथली वाळकी काटकीसुद्धा गावकरी घरी नेत नाहीत, कारण ती देवाची. आपल्या डोंगरावर शांतता हवी म्हणून आपण मोर्चा काढतो आणि त्यांच्या डोंगरावर आपली मुलं स्पीकर घेऊन जातात, हे एकाच खतावणीत बसत नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. जमेला एक नियम आणि नावेला दुसरा, अशी वही ऑडिटर परत करतो.

बिबट्याचं राहिलं. ग्रुपवर सगळ्यांची भीती अशी, की जंगलात बिबट्या आणि गावात निर्धास्त. आमच्या भागात खरं तर उलट. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालव्यांनी पाणी आलं, ऊस आला. ऊस म्हणजे बिबट्याला बारा महिने दाट आडोसा, पाणी आणि भोवती कुत्री, शेळ्या. मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात आणि वन खातं त्यांची आईशी भेट घालून द्यायची धडपड करतं. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले फार वाढले. तेव्हा शेतातले बिबटे पकडून दूर जंगलात सोडत होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवलं, की अशा उचलून सोडण्याने हल्ले कमी व्हायच्या ऐवजी सोडलेल्या जागांच्या आसपास वाढले. आपली जागा सुटलेला प्राणी बिथरतो. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगितलं, की उसाच्या फडालगत उघड्यावर झोपायचं नाही, अंधारात गाडी चालवायची नाही, खरकटं तंबूबाहेर टाकायचं नाही, कारण खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. चौविहार पाळणाऱ्याला यातलं निम्मं आपोआप साधतं. दिवसा जेवलं, दिवसा भांडी घासली, अंधार पडायच्या आत दार लावलं.

पण मैत्रिणींनो, बिबट्याच्या भीतीचा विषय निघाला की मला दुसरी एक जोडी आठवते. दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार येतात. भीमाशंकर आणि विघ्नहर, हे आमच्या दोन तालुक्यांतले सहकारी साखर कारखाने. त्यांच्या फडांच्या आसपास मोकळ्या रानात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. ऊसतोडीत हिशेबाचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची ती जोडीने, फेडायची ती जोडीने. पहाटे अंधारात दोघं फडात, मूल कोपीत किंवा बांधावर साडीच्या झोळीत. पाच-सहा महिने हा त्यांचा मुक्काम.

म्हणजे ज्या मार्गशीर्षात माझा पुतण्या आणि सून हौसेने दोन रात्री तंबूत राहिले, त्याच मार्गशीर्षात, त्याच रस्त्याच्या कडेला, त्यांच्याच वयाच्या जोड्या सबंध हंगाम ताडपत्रीखाली राहत होत्या. आमच्या सूनबाईच्या काळजीने ग्रुपवर शंभर मेसेज पडले. कोपीतल्या सुनेच्या काळजीने एकही नाही. ती उसाच्या फडालगत झोपते, कारण तिला दुसरी जागाच नाही. संडास नाही, दिवा नाही. बिबट्याने मूल नेल्याच्या बातम्या येतात, त्या बहुधा अशाच उघड्यावरच्या घरांच्या किंवा शेतात वस्ती करून राहणाऱ्यांच्या असतात. मेंढपाळांचे वाडे शेतात बसतात, त्यांचीही तीच गत.

हे लिहून मला कुणाच्या सहलीचा आनंद किरकिरा करायचा नाही. पण तंबूत झोपण्याला 'साहस' म्हणताना जीभ थोडी अडखळावी, एवढं मात्र वाटतं. सूनबाई परत जाताना मंचरला आमच्याकडे थांबली. तिला मी तिचा तो दिवसा उन्हावर चार्ज होणारा दिवा दाखव म्हटलं. किंमत विचारली. आमच्या महिला मंडळाने संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटायचं ठरवलं होतं. मी सुचवलं, की त्या पैशांत असे दिवे घेऊ आणि जवळच्या कोप्यांवर देऊ. दोन जणींनी विचारलं, "पण वाण तर सवाष्णींना द्यायचं असतं ना?" मी म्हटलं, कोयत्याची बायको सवाष्णच असते. सत्तावीस दिवे गेले. त्याने ऊसतोडीचा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. निदान सत्तावीस कोप्यांपुढे रात्री उजेड आहे.

आता पैशाचं. मुलांचं म्हणणं, धरणाकाठच्या कॅम्पमुळे गावातल्या पोरांना काम मिळतं, त्यावर काकूने का टीका करावी? बरोबर आहे. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंदच झाला. शेतीवर भागत नाही, पोरं चाकणच्या कारखान्यांत जातात, त्यांना गावात चार पैसे मिळाले तर कुणाला नको? पण पैसा कुठे थांबतो ते बघा. मोबाइलवर भरलेल्या पैशांतून जागा चालवणारा, जाहिरात करणारा, मधला दलाल यांचा वाटा गेल्यावर ताटं उचलणाऱ्या पोराला रोजगार मिळतो आणि काठावरची घाण गावाला मिळते. आजीच्या अंगणात दिलेले पैसे तिथेच राहिले. नाणेघाटात दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. वाट वापरली तर वाटेला काही द्यावं, हा व्यवहार या डोंगरात नवा नाही. फक्त रांजण गावात असावा, शहरात नको.

पाण्याचंही तसंच. भीमाशंकरवर पाऊस धो धो पडतो, पण चैत्र-वैशाखात वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन लांब जातात. डिंभ्याचं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत कालव्याने पूर्वेला जातं. जुनं आंबेगाव, ज्याच्या नावाने तालुका आहे, ते गावच त्या पाण्याखाली गेलं. तिथे उन्हाळ्यात जाणाऱ्या पाहुण्याने दोन बादल्या अंघोळीला मागताना ते पाणी कुणाच्या डोक्यावरून आलंय, हे विचारावं. पाणी तुपासारखं वापरा, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. तिथे ते अक्षरशः तसंच आहे.

तेव्हा माझं मत असं. मुलांनो, जा. जोडीने जा, मोटरसायकलवर जा. कार्तिकी पौर्णिमेनंतर जा, पावसाळ्यात डोंगर डोंगराला राहू द्या. जंगलात तंबू नको, गावात लावा, आणि लावण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर गाडी पुढे काढा, वाद घालू नका. सूर्य मावळायच्या आत जेवा, जाळ करू नका, गाणी कानात ऐका. जे नेलंत ते सगळं परत आणा, केळ्याच्या सालीसकट. पैसे चूल असलेल्या घरात द्या.

आणि सासवांनो, काकूंनो, आत्यांनो, सुनेच्या पाठीवर बॅग दिसली की "लोक काय म्हणतील" विचारू नका. डब्यात खाखरे आणि सुखडी भरा, पाणी गाळायचं फडकं द्या आणि परत आल्यावर फोटो बघण्याआधी एक प्रश्न विचारा: "ज्यांच्या अंगणात झोपलात, त्या आजीचं नाव काय?" नाव सांगता आलं, तर समजा मुलं नीट राहून आली.

जय जिनेंद्र.